केनवडचा नंबर कितवा

कडुनिंबाला मोहर येतो आणि आमच्या गल्लीत पत्रिका यायला लागतात. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात कशा सुरू होतात, हे मला अजून कळलेलं नाही. सकाळी अंगणात बारीक पांढरी फुलं सांडलेली असतात, आणि दुपारी कोणीतरी मोटारसायकलवरून उतरतो, घामानं ओल्या झालेल्या पिशवीतून पत्रिका काढतो, 'सहपरिवार या बरं' म्हणतो आणि पाणीही न पिता पुढच्या घरी जातो. पत्रिकेच्या कोपऱ्याचं हळदीकुंकू बोटांना लागतं. मग घरोघरची कपाटं उघडतात. डांबराच्या गोळ्यांचा वास, वाळ्याच्या नव्या ताट्या लावलेल्या कूलरचा ओला वास आणि कुठूनतरी येणारा इस्त्रीचा करपट वास, असे तिन्ही एकत्र झाले की समजावं, लगीनसराई आली. आमच्या घरात आता लग्नाचं कोणी उरलेलं नाही. त्यामुळे मी ही सराई पाहुण्यासारखी पाहतो. अक्षता टाकतो, जेवतो, घरी येतो.

यंदा त्या पत्रिकांच्या गर्दीत मोबाईलवर एक यादी आली. जगातल्या मोठ्या शहरांपैकी कोणत्या शहरातले लोक कपड्यालत्त्याबाबत सगळ्यांत जागरूक आहेत, त्याची. पॅरिस होतं, मिलान होतं, लंडन, न्यूयॉर्क, टोकियो होतं. प्रत्येक शहरापुढे एका बाईचं चित्र होतं आणि पाचही बायका उजवीकडे कोणावर तरी रागावल्यासारख्या पाहत होत्या. यादी कोणी केली, ते लिहिलेलं नव्हतं. माझा पहिला संशय तिथेच उभा राहिला. पाऊस मोजायचा तर तहसीलच्या आवारात भांडं असतं. दूध तपासायला डेअरीत काचेची नळी असते. फॅशन मोजायला या लोकांनी कोणतं भांडं कुठे ठेवलं होतं? आणि पहिल्या नंबरवरचे हे लोक रोज तसेच असतात, की मोजणारा येणार म्हणून त्या दिवशी कडक इस्त्री करून बसतात? आमच्या शाळेत तपासणी असते, त्या दिवशी मीही बूट घालतो.

संशय हा माझा जुना स्वभाव. माझी बायको सुमन म्हणते, "या माणसाले प्रसाद देला तरी विचारते, शिरा कोणी केला म्हणून." खरं आहे. पण कपड्यांच्या बाबतीत बोलायचा तुम्हाला काही अधिकार नाही, हेही ती लगेच सांगते. माझ्याकडे दोन प्रकारचे शर्ट आहेत. पांढऱ्यावर निळ्या रेघा, आणि निळ्यावर पांढऱ्या रेघा. त्यातला एक माझ्या आयुष्यात दोनदा फॅशनमध्ये आला. एकदा मी तो रिसोडहून शिवून आणला तेव्हा, आणि दुसऱ्यांदा वीस वर्षांनी, वर्गातली एक मुलगी म्हणाली तेव्हा, "सर, असे शर्ट आता परत निघाले." मधली वीस वर्षं मी तो तसाच घालत होतो. फॅशन जगभर फिरून आली, मी आमच्या केनवडच्या थांब्यावरच उभा होतो.

ती यादी पाहून मला आठवली ती चार वर्षांमागची लगीनसराई. त्या उन्हाळ्यात केनवडची जगातल्या शहरांशी तुलना व्हायची होती. होता होता राहिली, आणि ती राहिल्यावर मी जे केलं, त्याबद्दल मला अजून घरात बोलणी बसतात.

सायली ही आमची एकुलती एक मुलगी. पुण्यात ती अशा एका कंपनीत होती, जिचं काम मला दोन वर्षं कळलं नाही आणि कळल्यावर विश्वास बसला नाही. जगातल्या मोठ्या शहरांतल्या माणसांना सारखेच वीस प्रश्न विचारायचे. बाहेर पडताना आरशात किती वेळा पाहता? शेवटचा कपडा कधी घेतला? दुसऱ्यानं काय घातलं होतं, ते तुमच्या लक्षात राहतं का? मग उत्तरांची तुलना करायची आणि कपडे विकणाऱ्यांना सांगायचं, कोणतं शहर कसं आहे.

"याचा पगार देतात?" मी विचारलं होतं.

"पाढे विचाराचा तुमाले देतात का नाही?" ती म्हणाली. घरात शिरली की तिची पुण्याची भाषा चपलांबरोबर बाहेर राहायची.

आणि चपला भरपूर होत्या. त्या उन्हाळ्यात ती महिनाभर घरून काम करायला आली, तेव्हा एक बॅग कपड्यांची होती आणि एक फक्त पायांची. दारातले जोड पाहून पोस्टमननं विचारलं, "सर, घरी काही कार्यक्रम आहे का?" पहिल्या दिवशी ती दुपारी बाहेर आली ती अंबाडीच्या दोरासारख्या रंगाचा ढगळ सदरा घालून, आणि एकाच कानात एक मोठं कानातलं. मी गुपचूप दुसरं शोधायला लागलो. पलंगाखाली वाकलो तर पलीकडून सुमनही वाकलेली. मग कळलं, ते तसंच असतं. एकाच कानाचं.

पण एक गोष्ट खरी. कपडा तिच्या हाताला कळायचा. लहान असताना ती डोळे मिटून सुमनच्या साड्यांवरून हात फिरवायची आणि सांगायची, ही मामीनं देल्ली, ही लग्नातली, ही बाजारातली. एकदाही चुकायची नाही. मी दोनदा साड्यांची जागा बदलून पाहिली. स्वतःच्या पोरीची अशी परीक्षा घेणारा बाप मी एकटाच असेन.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारलं की सिमेंटचा तापलेला वास यायचा. तिथे बसून ती शहरांबद्दल सांगायची. लंडन आणि पॅरिस तिनं कामासाठी एकदा पाहिली होती, बाकीची शहरं पडद्यावर भेटणाऱ्या सहकाऱ्यांकडून तिला ठाऊक होती. पॅरिसमध्ये कोणालाही विचारा, म्हणे, तो सांगतो, मी कपड्यांचा विचारच करत नाही, हाताला आलं ते घातलं. आणि असं हाताला आल्यासारखं दिसायला त्याला सकाळी बराच वेळ लागतो. मिलानमध्ये भाजी आणायला निघालेल्या म्हाताऱ्याच्या बुटात आपलं तोंड दिसतं. लंडनमध्ये सगळे एकमेकांना पाहतात, पण पाहिलेलं दिसू देत नाहीत. टोकियोतला माणूस म्हणतो, इतरांपेक्षा मी कमीच. तिथे सगळेच इतरांपेक्षा कमी असतात. न्यूयॉर्कमध्ये लोक काळं घालतात, म्हणजे कोणी काही विचारायला नको.

"अन् मुंबई?"

"मुंबईवाले म्हणतात, टाइमच नाही. अन् असं म्हणताना केसांतून हात फिरवतात."

"म्हणजे सगळेच खोटं बोलून राह्यले."

"खोटं नाही बाबा. कोण विचारून राह्यलं ते पाहून बोलतात."

मला ते पटलं. जगाबद्दलची एखादी गोष्ट मला इतक्या लवकर पटली, म्हणूनच ती लक्षात राहिली असावी.

आमच्याकडचं कोणी मोजत नाही, पण आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शोभावहिनी पाहिल्या, की मला या मोठ्या शहरांची थोडी कीव येते. लग्नाच्या मांडवात वहिनी पंख्याखालची खुर्ची धरतात आणि येणारी प्रत्येक बाई वरपासून खालपर्यंत वाचतात. "ही साडी तिनं दिराच्या हळदीले नेसलती. त्याच्या आधी तिच्या नणंदेच्या अंगावर होती. नणंदेनं काहून देली असन, सांग बरं सुमन." पदरावर तुपाचा डाग पडला असेल तर तो कोणाच्या पंगतीतला, तेही त्या सांगतात. पॅरिसमधल्या माणसाला त्याच्या शेजारणीनं मागच्या मे महिन्यात काय घातलं होतं, हे सांगता येईल का? मला शंका आहे.

आणि तरी केनवडात कोणी फॅशन करत नाही. हा शब्दच आमच्याकडे निराळा आहे. फॅशन आमच्याकडे मारतात, आणि ती नेहमी दुसराच कोणी मारतो. "लय फॅशन मारून राह्यली पोट्टी," म्हटलं की त्यात कपडे थोडे असतात आणि बाकीचं सगळं असतं. नीट इस्त्री केलेला माणूस इथे गुन्हेगार नसतो, पण त्याच्यावर नजर ठेवली जाते. याच्या अगदी उलट शब्द म्हणजे साधी. 'मुलगी साधी आहे.' स्थळाच्या बाजारात याच्याहून मोठा दागिना नाही. म्हणजे काय, ते कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं, आणि त्या उन्हाळ्यात फोनवर तोच शब्द वापरून मोकळा झालो होतो.

फोन धनजहून होता. स्थळ तिथलं. मुलाचं नाव निखिल, नोकरी पुण्यात. त्याची आई मंदाबाई बोलत होत्या. घरदार, शिक्षण, शेती सगळं झालं, आणि त्यांनी विचारलं, "पोरगी कशी आहे वो, सर?" मी म्हणालो, "एकदम साधी." ते इतकं सहज निघालं, की मी त्याच दमात हवापाण्याकडे वळलो. दारात सायली उभी होती.

"साधी म्हणजे काय, बाबा?"

"म्हणजे चांगली."

"मंग चांगलीच म्हणा न."

ती आत गेली. याआधीची चार स्थळं तिनं पाण्याचा पेला खाली ठेवायच्या आत नाकारली होती. या मुलाला मात्र ती पुण्यात दोनदा भेटली होती, दोन्ही घरच्या परवानगीनं. त्या आठवड्यात तिनं मला तीनदा विचारलं, रविवारी ते लोक नक्की येणार ना. तिसऱ्यांदा विचारताना ती माझ्या शर्टाला इस्त्री करत होती. माझ्या शर्टाला तिनं आयुष्यात कधी हात लावला नव्हता. मला काय ते कळलं. कळल्यावर मला भीती वाटायला लागली, कारण आता मोडण्यासारखं काहीतरी घरात आलं होतं.

याच सुमारास तिच्या कंपनीला ते वीस प्रश्न मराठीत करून लहान गावात तपासून पाहायचे होते. मोठ्या शहरांच्या शेजारी एक छोटं गाव ठेवलं तर फरक दिसेल, असं कोणाच्यातरी डोक्यात आलं होतं. सायलीनं केनवड सुचवलं. मी गल्लीतल्या आणि बाजारातल्या ओळखीच्या वीस जणांना विचारून त्यांचे नंबर दिले, फक्त इतकंच सांगून की एक फोन येईल, जे विचारतील ते सांगा. ओळखीचा आवाज नको म्हणून फोन सायलीनं नाही, तिच्या पुण्याच्या सहकारी बाईनं करायचे होते.

दोन दिवसांनी सायली लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून खाली बसली. हसून हसून तिला बोलता येईना. पुण्याची ती बाई फार गोड, मोजकं बोलणारी. तिनं गिरणीवाल्या बाबारावांना विचारलं, "आपल्या भागातील तरुण स्त्रिया बाहेर पडताना पेहरावाकडे किती लक्ष देतात?" बाबारावांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "ताई, तुमी कोणाबद्दल विचारून राह्यल्या ते मले समजलं. पोरगी लय साधी आहे. फॅशन-बिशन काही नाही. डोळे झाकून करा." शिंप्यानं सांगितलं, सायली वर मान करून चालत नाही. शोभावहिनींनी सांगितलं, तिच्यासाठी जबरदस्तीनं नवा ड्रेस घ्यावा लागतो, नाहीतर ती फाटकंच घालते.

वीसपैकी वीस जणांनी. परक्या बाईचा गोड आवाज, तरुण मुलींबद्दलचे प्रश्न, लगीनसराईचे दिवस. आमच्या माणसांना याचा एकच अर्थ ठाऊक आहे. मुलाकडचे चौकशी करून राह्यले. आणि चौकशीचा फोन आला, की गल्लीतली सगळी भांडणं बाजूला ठेवून एकमुखानं बोलायचं, हा आमच्याकडचा रिवाज आहे. बाबाराव माझ्याशी दोन वर्षं बोलत नव्हते, नाल्यावरून. तरी त्यांनी मला जावई मिळवून द्यायला जीव तोडला होता.

"बाबा, याच्यावरून केनवड जगातलं सगळ्यांत कमी फॅशनचं ठिकाण ठरते," सायली डोळे पुसत म्हणाली. "अन् ह्या रकान्यात बाईनं लिहिलं, गावात सायली नावाची एक संत राहते."

इथे मी थांबायला हवं होतं. हसून सोडून द्यायला हवं होतं. पण मी मास्तर. चुकलेलं उत्तर मला खोडरबरानं पुसल्याशिवाय चैन पडत नाही. पोरीचं काम बिघडलं, तिच्या कंपनीत आपल्या गावाचं हसू झालं, असं मनाशी घेऊन मी उन्हाची टोपी घातली आणि घरोघर गेलो. समजावून सांगितलं, की बाप्पा, ती चौकशी नव्हती, ते सायलीच्या ऑफिसचं काम होतं. परत फोन येईल. या वेळी खरं सांगा. जे आहे ते सांगा, काही लपवू नका.

"सगळं?" शोभावहिनींनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली, तिच्यावर मी संशय घ्यायला हवा होता. आयुष्यभर नको तिथे संशय घेतला आणि नेमका तिथे घेतला नाही.

"सगळं," मी म्हणालो.

शुक्रवारी दुपारी वहिनी आल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आमच्याकडे उन्हाळ्यात बाई ओळखायची तर चालीवरून ओळखावी लागते, कारण डोक्या-तोंडाला पांढरा स्कार्फ आणि त्यावर गॉगल, असा सगळ्यांचा एकच पेहराव असतो. टोकियोच्या लोकांनी येऊन पाहावा. वहिनींनी स्कार्फ सोडला, पाणी प्यायल्या, आणि शाबासकीच्या तयारीनं बसल्या.

"आलता फोन, भाऊजी. सगळं खरं सांगतलं. चपलाचे बारा जोड सांगतले. एका कानात घालते ते सांगतलं. लग्नाले जायचं तर तासभर आरशापुढून हटत नाही, तेबी सांगतलं. पुण्याले केस कापले ते सांगतलं. म्या म्हटलं, बाई, अशी फॅशन आमच्या अख्ख्या तालुक्यात नाही. तुमच्या शहरात लिहून टाका."

"छान," मी म्हणालो. "त्या पुण्याच्या बाई चांगल्या बोलतात, नाही?"

"हाव. पण या खेपेले बाई जराशी आपल्यासारखी बोलत होती."

"आपल्यासारखी म्हणजे?"

"म्हणजे तेच, 'मले सांगा', 'काहून वो ताई', असं. मले वाटलं, आपल्यासाठी शिकून आली बिचारी."

कूलरचं पाणी टपटप पडत होतं, ते मला एकदम मोठ्यानं ऐकू यायला लागलं. मी विचारलं, त्यांनी आणखी काय विचारलं. वहिनी आठवू लागल्या. स्वयंपाक येते का, राग येते का, मोठ्यांशी कशी वागते. "याचा कपड्याशी काय संबंध, असं मले वाटलं जरासं," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांच्याही लक्षात आलं. पदराचं टोक तोंडाशी गेलं.

सुमन ओट्याशी, आमच्याकडे पाठ करून उभी होती. ती वळली नाही.

धनजच्या मंदाबाईंनीच तो फोन केला होता, आणि रविवारला दोनच दिवस होते. मंदाबाईंचा येत नाही असा निरोप येईल, म्हणून मी फोन वाजला की आधी नंबर पाहायचो. निरोप आला नाही. त्याचाही मला संशय आला. सुमननं आपल्या कपाटातली एक फिकट, बारीक काठाची सुती साडी काढली आणि सायलीपुढे ठेवली. "एवढ्या दिवसापुरती," ती म्हणाली. मला वाटलं, आता भांडण होणार. सायलीनं साडीवर हात फिरवला आणि म्हणाली, "नेसतो." तिनं वाद घातला नाही, तेव्हा मला कळलं, तिला तो मुलगा किती हवा आहे. मला स्वतःची लाज वाटली. एका फोनवर मी तिला साधी केलं होतं, आणि आता ती खरोखरच कोणीतरी दुसरी व्हायला तयार झाली होती.

लोक चांगलं दिसावं म्हणून कपडे घालतात, असं मी समजत होतो. त्या दोन दिवसांत वाटलं, बहुतेक वेळा आपण कोणाला तरी उत्तर द्यायला घालतो. न्यूयॉर्कचं काळं काय आणि ही सुमनची फिकट साडी काय.

रविवारी अकरा वाजता ते तिघं आले. मंदाबाई, त्यांचे यजमान आणि निखिल. मंदाबाई गर्द मोरपंखी साडीत होत्या. बांगड्या त्याच रंगाच्या, आणि मोबाईलचं कव्हरही. यजमानांचा सदरा त्यांच्या अंगावर कोणीतरी निवडून घातल्यासारखा दिसत होता. निखिल शांत, पायांकडे पाहणारा. पन्हं झालं, पोहे झाले. शोभावहिनी प्रायश्चित्त म्हणून सकाळपासून आमच्या स्वयंपाकघरात कांदे चिरत होत्या. बाहेर यायचं नाही, असं सुमननं बजावलं होतं. सायली चहा घेऊन आली, नमस्कार केला, समोर बसली. मंदाबाईंनी तिच्याकडे जितका वेळ पाहिलं, तितका वेळ आमच्याकडे कोणी पाहत नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"सर, एक विचारू?"

"विचारा की."

"तुमी फोनवर सांगतलं, पोरगी एकदम साधी आहे. तुमच्या शेजारणीनं सांगतलं, बारा जोड चपला आहेत, अन् अशी फॅशन तालुक्यात नाही. आता समोर पाहतो तं ही अशी बसून आहे. म्या खरं कोणाचं मानू?"

स्वयंपाकघरातली विळी थांबली. सुमन माझ्याकडे पाहत होती आणि तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं, म्हणा काहीतरी. म्हणायला पुष्कळ होतं. भिंतीवरून आमचं शेजाऱ्यांशी जमत नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. शेजारणीच्या जळण्यावर आमच्याकडे कोणीही लगेच विश्वास ठेवतो. आत वहिनींनी ते ऐकूनही तोंड उघडलं नसतं, उलट मान्य केलं असतं. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

मी सायलीकडे पाहिलं. ती निऱ्यांवर हात ठेवून बसली होती, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखी. तिच्या दोन्ही कानांत सारखे, बारीक खडे होते. तिचे कान मला ओळखीचे वाटले नाहीत.

"शेजारणीचं," मी म्हणालो.

सुमननं डोळे मिटले. आत काहीतरी भांडं पडलं. मंदाबाई निखिलकडे वळल्या.

"आयकलं?"

"मले माहीत होतं," निखिल म्हणाला.

"माहीत होतं? मंग सांगतलं काहून नाही?"

"तू मले विचारलं कोठी, आई. तू शेजारणीले विचारलं."

त्याचे वडील कपात तोंड घालून हसले. मंदाबाईंनी एकेक करून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. त्या पाहण्यात इतका शुद्ध संशय होता, की मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आपलेपणा वाटला. माणूस आपल्याच जातकुळीचा निघाला. शेवटी त्यांची नजर सायलीवर येऊन थांबली.

"बरं. आता तूच सांग. शौक आहे कपड्याचा?"

"आहे," सायली म्हणाली.

"किती?"

सायलीनं माझ्याकडे पाहिलं नाही, सुमनकडेही नाही. "तुमी आल्यापासून सात वेळा पदर सावरला," ती म्हणाली. "पिन चुकीच्या जागी लागली. एवढी सुंदर साडी आहे, अन् ती पिन तिले खाली ओढून राह्यली. मले मघापासून दुसरं काही सुचूनच नाही राह्यलं."

 मी जमिनीकडे पाहत राहिलो. वीस प्रश्नांच्या कागदावर हे उत्तर कुठल्याच रकान्यात बसलं नसतं.

"मंग पिन कोठी पाह्यजे?" मंदाबाईंनी विचारलं. आवाजातला संशय जागच्या जागी होता.

सायली उठली. मंदाबाईंनी हातातला कप खाली ठेवला, आणि खुर्चीतच थोडं वळून खांदा तिच्यापुढे केला.